बोअरवेल रिचार्जचं काम करून घेतलं, दोन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू (बावधन, पुणे)

आमच्या सोसायटीत गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं काम करून घेतलं त्याला आता दोन पावसाळे झाले. पहिल्याच जोरदार पावसानंतर मी लिहायला बसले होते, पण आमचे चेअरमन काका म्हणाले थांब जरा, एक उन्हाळा काढू दे मग बोल, आणि ते बरोबरच होतं, कारण जुलैमध्ये सगळ्याच बोअरना पाणी असतं, खरी परीक्षा एप्रिल-मेची.

काम केलेल्या एजन्सीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. एक दोन गोष्टी त्यांच्याकडून चुकल्यात, बाकी काम मनापासून केलंय, आणि तसंही नावापेक्षा हे काम कसं करून घ्यायचं हे कळणं जास्त गरजेचं आहे. रेटिंग आधीच सांगते, ५ पैकी ४.

आधी थोडं मागचं. आमचे ८४ फ्लॅट, तीन बिल्डिंग, तीन बोअर. त्यातले दोन बोअर फेब्रुवारीतच गुळण्या टाकायला लागायचे आणि मग टँकर. मे महिन्यात दिवसाला सहा-सहा टँकर घेतलेत आम्ही, दहा हजार लिटरचा एक, आणि मागेल ती किंमत द्यायची कारण पर्याय नाही. कॉर्पोरेशनचं पाणी येतं पण ८४ घरांना पुरेल इतकं कधीच येत नाही. आता गंमत नाही, दुःख म्हणून सांगते, आमच्याकडे कागदावर रेन वॉटर हार्वेस्टिंग पहिल्या दिवसापासून होतं! राज्याच्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकामाला ते सक्तीचं आहे, त्याशिवाय कंप्लीशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मिळायला नको. तर आम्ही एक दिवस प्लंबर दादांना घेऊन हार्वेस्टिंगचा म्हणून दाखवलेला गेटजवळचा खड्डा उघडला. आत तीन फूट खोल खड्डा, त्यात विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या आणि गच्चीवरून येणारा एकही पाइप त्याला जोडलेला नाही. सगळं पाणी सरळ ड्रेनेजमध्ये. इतकी वर्षं. मला त्या दिवशी खरंच रडू आलं, कारण आपण सगळे मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून भांडत होतो आणि पाणी आपल्याच डोक्यावरून गटारात जात होतं.

मग कोटेशन मागवली, तीन ठिकाणांहून. दोघांनी जागा न बघता फोनवरच रेट सांगितला, इतक्या स्क्वेअर फुटाला इतके फिल्टर, इतके पैसे, उद्या येऊन बसवतो. तिसऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला की बोअर मारताना कुठल्या फुटाला कुठला खडक लागला, पाणी कितीला लागलं, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, किती फूट आहे याची नोंद आहे का. नव्हती अर्थातच, कुणाकडेच नसते, पण विचारलं म्हणून काम त्यांना दिलं. हे सगळ्यांना सांगणं आहे, जो माणूस खडकाबद्दल न विचारता फिल्टर विकतो त्याच्याकडून घेऊ नका.

खडकाचं का, तर महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा आहे, लाव्हाचे थरावर थर. वरती मुरूम, मग कुठे मांजऱ्या खडक ज्याच्यात पोकळ्या असतात, मग कुठे काळा पाषाण, एकदम घट्ट, त्याला भेग नसेल तर त्यात थेंब जात नाही. त्यामुळे एकाच सोसायटीत दोन बोअर पन्नास फुटांवर असले तरी एक पाणी पिणार आणि दुसरा तसाच भरून उभा राहणार. वाळूच्या किंवा गाळाच्या जमिनीत चालतं ते आपल्याकडे तसंच्या तसं चालत नाही.

तर त्यांनी आधी टँकरची टेस्ट केली. हा भाग मला सगळ्यात आवडला. एक टँकर मागवला आणि बोअरमध्ये पाणी सोडून पातळी किती वेळात खाली जाते ते घड्याळ लावून बघितलं. पहिल्या बोअरने दहा हजार लिटर अर्ध्या तासाच्या आत गिळलं. दुसऱ्यात चौथाई टँकर गेला आणि पाणी तोंडापर्यंत आलं ते दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच. तिसरा मध्यम. म्हणजे तिन्हीवर फिल्टर बसवला असता तर एकाचे पैसे पूर्ण वाया. (आमच्यातल्या काही जणांना आधी पाणाड्याला बोलवायचं होतं, हातावर नारळ घेऊन जागा दाखवणारा. मी विरोध केला. श्रद्धेचा अपमान करायचा नाहीये मला पण घड्याळ आणि टँकर यांनी जे सांगितलं ते नारळाने सांगितलं नसतं.) शेवटी पहिल्या आणि तिसऱ्या बोअरला काम करायचं ठरलं, दोन बिल्डिंगच्या गच्च्या जोडून, साधारण ९०० चौरस मीटर.

कामाचं स्वरूप असं. गच्चीवरून येणारे पाइप एकत्र करून खाली आणले, मध्ये एक वॉल्व्ह, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर काढून द्यायला, कारण त्यात उन्हाळाभराची धूळ, कबुतरांची घाण सगळं असतं. मग स्टीलच्या जाळीचा फिल्टर. एका बोअरला फिल्टरमधून पाणी थेट आत आणि दुसऱ्याला बोअरभोवती आठ बाय आठ फुटांचा खड्डा घेऊन, केसिंग पाइपला भोकं पाडून त्यावर जाळी गुंडाळून, खाली मोठे गोटे वर खडी वर वाळू, असं भरलं. आणि पाणी किती गेलं ते कळायला एक मीटर, तो मी हट्टाने लावून घेतला. सगळं मिळून १ लाख ९० हजार आले, म्हणजे फ्लॅटमागे सव्वादोन हजारांच्या आसपास. आमचा मेमधला आठ-दहा दिवसांचा टँकरचा खर्च त्याहून फार कमी नसायचा. शिवाय पुणे महापालिका अशा कामांसाठी मिळकतकरात सवलत देते, एका उपक्रमाला ५ टक्के, त्याचाही अर्ज करा, बरेच जण करतच नाहीत.

आता काय चुकलं ते. एक, तो पहिल्या पावसाचा वॉल्व्ह त्यांनी भिंतीच्या मागे जमिनीपासून नऊ फुटांवर बसवला. शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही. वॉचमन मामांचं वय ६२, भर पावसात ते शिडीवर चढणार का? नाहीच चढले, आणि पहिल्या वर्षी पहिला पाऊस सगळा घाणीसकट फिल्टरमध्ये गेला, जाळी चोंदली, आणि पुढचे चार दिवस पाणी ओव्हरफ्लो होऊन वाहून गेलं. तक्रार केल्यावर तीन आठवड्यांनी येऊन खाली घेतला. तीन आठवडे, तेही जून-जुलैचे! पावसाळ्यात त्यांच्याकडे माणसं कमी पडतात हे मान्य, पण मग कामं मार्चमध्येच घ्यायला हवीत. एक स्टार त्याचाच गेलाय.

दुसरं जास्त गंभीर. त्यांच्या साइटवरच्या माणसाने पार्किंगचं आणि रस्त्याचं वाहतं पाणीसुद्धा त्याच खड्ड्यात वळवायचं म्हटलं, मीटरचा आकडा मोठा दिसेल म्हणून. मी नाही म्हणाले आणि कृपा करून तुम्हीही नाही म्हणा. पार्किंगमध्ये गाड्यांचं ऑइल असतं, ड्रेनेजची चेंबरं तुंबली की त्याचं पाणी तिथेच येतं, आणि बोअरमध्ये गेलेली घाण म्हणजे मातीत गाळून जाणारी घाण नाही, ती सरळ खडकाच्या भेगांत शिरते आणि शेजाऱ्याच्या बोअरमधून वर येते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हा विहिरींचं आणि टँकरचं पाणी तपासायला लागलं, ती भीती आठवा. जमिनीतलं पाणी एकदा नासलं की ते उपसून टाकता येत नाही. गच्चीचं स्वच्छ पाणी बोअरला, बाकीचं बागेतल्या साध्या शोषखड्ड्याला, हे साधं आहे. त्यांच्या मालकांशी बोलल्यावर त्यांनी ऐकलं आणि त्या माणसाला समजावलंही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

आता रिझल्ट, ज्याची सगळे वाट बघतात.

मी दर पंधरा दिवसांनी बोअरची पातळी मोजते. यंत्र लागत नाही, लांब टेपला वजन बांधायचं, सकाळी पंप सुरू व्हायच्या आधी सोडायचं, पाण्याला टेकल्याचा आवाज येतो. काम करायच्या आधीच्या मेमध्ये पहिल्या बोअरला पाणी १४८ फुटांवर होतं, या मेमध्ये १२१ वर. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, पण उतरला, पाण्याची चव बदलल्याचं तर बायकांनी मला न विचारता सांगितलं, डाळ लवकर शिजते म्हणाल्या. आणि टँकर मेमध्ये सहाचे तीन झाले.

पण इथेच थांबून "बसवा आणि टँकर बंद" असं लिहिलं तर ती फसवणूक होईल, म्हणून हिशोब मांडते. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस धरा. ९०० चौरस मीटर गच्ची म्हणजे ६ लाख ३० हजार लिटर, त्यातलं उडून, सांडून, पहिल्या पावसाचं सोडून ८० टक्के हाताला लागलं तर ५ लाख लिटर. ऐकायला केवढं वाटतं, पन्नास टँकर! आता दुसरी बाजू. ८४ फ्लॅट, घरटी चार माणसं, माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी प्रमाण, म्हणजे दिवसाला ४५ हजार लिटर. भागाकार करा. वर्षभराचा गच्चीवरचा पाऊस आमच्या सोसायटीला ११ दिवस पुरतो. अकरा.

मी हा आकडा मीटिंगमध्ये सांगितला तेव्हा शांतता झाली. एकाने विचारलं मग हे सगळं कशाला केलं? बरोबर प्रश्न आहे. केलं कारण ते अकरा दिवस मेचे आहेत, आणि कारण ते पाणी गटारात घालवायचा आपल्याला काही हक्क नाही. पण टँकर निम्मे झाले ते एकट्या रिचार्जने नाही. आम्ही त्याच वर्षी प्रत्येक फ्लॅटला पाण्याचा मीटर लावला, नळांना पाण्याची धार कमी करणारे एरेटर लावले, टाकी भरून वाहायची ती बंद केली, आणि बोअरचा पंप दिवसाला ठरलेल्या तासांवर चालवतोय. पाऊसही दोन्ही वर्षं बरा झाला. माझ्या अंदाजाने मोठा वाटा मीटरचा आहे, लोकांना स्वतःचा आकडा दिसला की नळ आपोआप बंद होतात. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार हे म्हणतो आपण सगळे, पण आडात किती आहे ते मोजत कुणीच नाही. त्यामुळे ज्यांचं बजेट कमी आहे त्यांनी आधी मीटर लावा, नंतर रिचार्ज. एजन्सीवाल्यांना हे आवडणार नाही पण मला असंच वाटतं.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त छळते. आपण जे पाणी आत सोडतो ते आपलं राहत नाही. आम्ही पहिला पावसाळा रिचार्ज केला आणि त्याच हिवाळ्यात जवळच्या एका बांधकामावर बोअरचं मशीन आलं, रात्रभर घरघर, सातशे फूट गेले म्हणे. आमचं पाणी तिकडे गेलं का? काही प्रमाणात गेलं असेल, सांगता येत नाही. खाली कुंपण नाही. आपला कायदा अजून १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टच्या विचारावर चालतो, जमीन ज्याची त्याच्याखालचं पाणी त्याचं. महाराष्ट्राने हे बदलायचा प्रयत्न केला, भूजल अधिनियम २००९ चा, तो प्रत्यक्ष लागू झाला २०१४ ला, त्यात विहिरी-बोअरची नोंदणी आहे, शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल जायला बंदी आहे, पाणलोटाच्या पातळीवर लोकांची समिती आहे. वाचला तर चांगला कायदा आहे खरंच. पण माझ्या ओळखीत एकानेही बोअरची नोंदणी केलेली नाही आणि कुणी विचारायलाही आलेलं नाही.

ज्या गावांनी पाणी सगळ्यांचं धरून त्याचे नियम केले ती काही श्रीमंत गावं नव्हती. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार, आमच्यापेक्षा कितीतरी कमी पाऊस, तिथे पोपटराव पवारांनी आणि गावकऱ्यांनी शेतीसाठी बोअर मारायचेच नाहीत असं ठरवलं, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, पाऊस कमी तर कुठलं पीक घ्यायचं नाही ते ग्रामसभेत ठरतं. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखेंनी पाणी पंचायत उभी केली, तिथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही तर घरातल्या माणसांवर, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. आमच्या सोसायटीत थ्रीबीएचकेवाल्याला जास्त पाणी मिळायला हवं का यावर अडीच तास वाद झाला तेव्हा मी हेच उदाहरण दिलं. माणशी धरायचं ठरलं शेवटी. नायगाव इथून फार लांबही नाही, एकदा जाऊन या.

आणि शहरात गच्चीपेक्षा कितीतरी जास्त पाणी मुरवतात त्या आपल्या टेकड्या. आमच्याकडून पाषाणकडे जाताना जी टेकडी दिसते, पलीकडे वेताळ टेकडी, त्यांच्या उतारावर पडलेला पाऊस मुरून खालच्या थरांत येतो, बावधनमधले जिवंत झरे त्यातूनच, रामनदीलाही त्यातूनच पाणी. पुण्यातच अ‍ॅक्वाडॅम ही संस्था भूजलावर इतकी वर्षं काम करतेय, जलधर म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर ही सगळ्यांची सामायिक गोष्ट आहे हे ते सतत सांगतात, त्यांचं लिखाण वाचा. टेकडी फोडून रस्ता करायचा, उतारावर काँक्रीट ओतायचं, आणि खाली सोसायट्यांना म्हणायचं फिल्टर बसवा. २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले ते झाडांसाठी होतंच पण आमच्यासाठी ते पाण्यासाठी पण होतं. याच पुण्यात पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत पाणी आणलं, अठराव्या शतकात, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. उतार समजून घेणारी माणसं होती ती.

आणखी एक विचार करा, आपला टँकर भरतो कुठे? कुठल्यातरी गावच्या विहिरीवर, कुणाच्या तरी शेतात. आणि खडकवासल्याचं जे पाणी आपण जास्तीचं मागतो ते कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतांना जायचं असतं. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं तेव्हा आपण सगळे हळहळलो होतो. पुणं तिथपर्यंत जाणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही.

तर माझी मागणी साधी आहे आणि आम्ही वॉर्ड ऑफिसला सह्यांचं निवेदन देऊन ती लेखी केलीये. ज्या सोसायट्यांना हार्वेस्टिंग दाखवून कंप्लीशन मिळालं त्यांचे खड्डे दर मेमध्ये उघडून बघा. ज्यांचं चालू आहे त्यांनाच सवलत द्या, कागदावर नाही. प्रत्येक बोअरची नोंद घ्या, पातळी मोजा आणि आकडे सगळ्यांना बघता येतील असे ठेवा. टँकरनेही कुठून किती उपसलं ते लिहून द्यावं. तमिळनाडूने २००३ मध्ये चेन्नईसकट सगळ्या राज्यात इमारतींना हार्वेस्टिंग सक्तीचं केलं आणि तरी २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव कोरडे पडून हंड्यांच्या रांगा लागल्या, म्हणजे नुसती सक्ती करून भागत नाही, नंतर दरवर्षी कुणीतरी बघायला लागतं.

आता ज्यांना काम करून घ्यायचंय त्यांच्यासाठी परत व्यवहाराचं. काम मार्चमध्ये काढा म्हणजे मे अखेरपर्यंत हातात वेळ राहतो. टँकर टेस्ट करत नसतील तर दुसरी एजन्सी बघा. वॉल्व्ह छातीच्या उंचीवर मागा आणि हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. बोअर ड्रेनेज लाइनच्या किंवा एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या टाकीच्या) जवळ असेल तर त्या बोअरला रिचार्ज करूच नका. वर्षातून दोनदा पाण्याची लॅब टेस्ट, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. वार्षिक देखभालीचे आम्ही सहा हजार देतो, त्यात जून ते सप्टेंबर दर महिन्याला जाळी धुणं आणि मेमध्ये वाळूचा वरचा थर काढून धुऊन परत टाकणं येतं. जाळी धुणं खरं तर आपलं आपल्यालाही जमतं, आमच्याकडची नववी-दहावीची मुलं करतात आता, आणि टेप पण तीच सोडतात, त्यांना पातळीचे आकडे तोंडपाठ आहेत.

रामनदीच्या काठच्या, भूगाव ते सुतारवाडीपर्यंतच्या कुठल्याही सोसायटीला बोअरची पातळी मोजायला सुरुवात करायची असेल तर आमची वही बघायला या, तारखा सारख्या ठेवल्या तर आकडे शेजारी शेजारी लावता येतील. आम्ही १ तारखेला आणि १५ तारखेला मोजतो, सकाळी साडेसहाला, पंप लागायच्या आधी.